व्योम बेट्याला लिहिलेली तीन पत्रं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मधेच चहा नाकात जाणार नाही. मी जे सांगणार आहे ते माझ्या बायकोनं आमच्या देवासच्या अर्ध्या गल्लीला सांगून झालंय, आणि दर वेळी तिनं त्यात चिमूटभर मसाला वाढवलाय. मूळ चव हवी असेल तर माझ्याकडूनच घ्या. शेवटी फजिती माझी आहे!

तुम्हाला 'तारापथ' आठवते? नाहीच आठवणार. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी दहाला टीव्हीवर लागायची. हिंदी मालिका. एक अंतराळयान, त्यात सात माणसं, आणि पृथ्वीवर परतायची वाट हरवलेली. तेरा भाग झाले. तेराव्या भागाच्या शेवटी यानाचं दार उघडलं, आत पांढराशुभ्र उजेड आला, कॅप्टननं डोळ्यांवर हात धरला, म्हणाला, "अरे, यह तो..."

आणि संपलं!

पुढच्या रविवारी त्या वेळेला खतांवर चर्चा. मालिका बंद, कायमची. का? कुणी सांगेना. आज इंटरनेटवर शोधा, एक धूसर फोटो सोडून काही मिळत नाही. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आता पन्नाशी उलटली, शाळेत पोरांना फिजिक्स शिकवतो, पण 'यह तो'च्या पुढे काय, हे कोडं काही सुटलेलं नव्हतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळी भानगड तिथेच आहे. टीव्ही आमच्याकडे नव्हता, शेजारी सक्सेनांकडे होता. पाचव्या भागाच्या वेळी चित्र थरथरायला लागलं. मी मोठ्या रुबाबात अँटेना फिरवायला गच्चीवर चढलो आणि जास्वंदीच्या कुंडीसकट खाली आलो. कुंडी वाचली. माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि मी जवळजवळ दोन महिने खाटेवर.

मग पुढचे भाग? अहो, अक्का होती ना!

अक्का माझी मोठी बहीण, सहा वर्षांनी मोठी. रविवारी ती सक्सेनांकडे जायची आणि अकराच्या सुमारास परत यायची. केसांत धूळ, गाल लाल, श्वास फुललेला. मला वाटायचं, मालिका बघून माणूस असाच होत असणार! ती माझ्या उशाशी बसायची, खिडकी अर्धी लोटायची आणि म्हणायची, "छताकडे बघ."

मी बघायचो. पांढरं छत, त्यावर खिडकीतून आलेला उन्हाचा एक तुकडा, कडुलिंबाच्या सावलीनं हलणारा. अक्का बोलायला लागली की तो तुकडा हळूहळू समुद्र व्हायचा. त्यावरून यान जायचं, आवाज न करता. सहाव्या भागात यान तरंगत्या ग्रहावर पोचलं. तिथे कुणाचे पाय जमिनीला लागत नाहीत. पण एक नियम होता. चालत राहिलं तरच तरंगता येतं, थांबलं की पडतो! सातव्या भागात कॅप्टन थांबला, पडला, आणि त्याच्या गुडघ्यातून रक्ताऐवजी बारीक बारीक चांदण्या गळाल्या. मग काचेचं जंगल. मग तो वारा, ज्याला मागून ढकलणारा हात होता, आणि एक दिवस तो हात सुटला तरी यान पडलं नाही...

मला आजही डोळे मिटले की ते दिसतं. ऐकलेलं नाही हो, दिसतं! बारावा भाग झाला, प्लास्टर निघालं आणि तेरावा मी स्वतः सक्सेनांकडे जाऊन पाहिला. साफ फिका. तरंगत्या ग्रहाचं नाव नाही, चांदण्या नाहीत. तेव्हाच मी ठरवलं, यांनी शेवटी माती खाल्ली, म्हणूनच मालिका बंद पडली.

तर गेल्या वर्षी बसस्टँडवर मासिकं विकणारा रमेश मला म्हणाला, "भिया, आपके टाइप का कुछ आया है." बघतो तर पातळसं काळंपांढरं कॉमिक. वर लिहिलेलं, 'तारापथ : चौदहवाँ भाग.'

खोटं नाही सांगत. तिथेच कुल्फीच्या गाडीला टेकून मी ते वाचलं. यानाचं दार उघडतं, कॅप्टन म्हणतो, "अरे, यह तो..." आणि पुढच्या चौकटीत त्याचंच वाक्य पुरं होतं, "...सुबह है!"

सकाळ! नुसती सकाळ झालेली, एका अनोळखी ग्रहावर. चाळीस वर्षांनी माझी ती सकाळ झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रमेशनं विचारलं, "भाभी ठीक है ना?"

घरी जाऊन दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. आणि तिसऱ्यांदा माझ्यातला मास्तर जागा झाला. अहो, यात तरंगत्या ग्रहाचा उल्लेखच नाही! कॅप्टन धडधाकट गुडघ्यांनी धावतोय, जणू त्याला काही झालंच नव्हतं! शेवटच्या पानावर लेखकाचं नाव होतं 'व्योम', खाली धारचा पत्ता, आणि 'पाठक पत्र लिखें.'

व्योम! नावावरूनच कळत होतं, कुणीतरी विशीतलं पोरगं. मालिका बंद पडली तेव्हा याचा जन्मही झालेला नसणार. मी कागद घेतला. 'प्रिय व्योम बेटा,' अशी सुरुवात केली.

पहिल्या पत्रात मी सौम्य होतो. 'बेटा, प्रयास अच्छा है, परंतु मूल धारावाहिक देखे बिना...' वगैरे. उत्तरादाखल एक पोस्टकार्ड आलं. सुरेख, गोल अक्षर. 'आपका पत्र मिला। ध्यान दूँगी।' हो, 'दूँगी' लिहिलं होतं! मी काय म्हणालो माहितीय? "आजकालच्या पोरांचं व्याकरण बघा." आणि ते कार्ड बायकोला दाखवलं. माझी बायको शुभदा, हिंदीची शिक्षिका. तिनं कार्ड परत माझ्या हातात दिलं. म्हणाली, "तुम्ही फिजिक्सच शिकवा."

दुसऱ्या पत्रात मी तरंगता ग्रह सगळा समजावला. नियमासकट. पोस्टकार्ड आलं, 'क्या आपको पक्का याद है? कौन-सा भाग था?' मी तिसरं पत्र लिहिलं, अकरा पानी. सहाव्यापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक भागाचा वृत्तांत, ग्रहांचा नकाशा, आणि खाली ठणकावून, 'बेटा, तुम्हें याद नहीं तो क्या हुआ, मुझे एक-एक दृश्य याद है। मेरी बड़ी बहन भी साक्षी है।'

आणि सोळाव्या भागात, मंडळी, तरंगता ग्रह आला! नियमासकट! थांबलं की पडतो! मी अंक घेऊन स्टाफरूममध्ये असा फिरलो, जणू नातू झाला. सगळ्यांना सांगत सुटलो, "पोराची चूक होती, मी सुधारली."

मग सतरावा भाग येईना. महिना गेला, दोन गेले. रमेश म्हणायचा, "नहीं आया भिया." आणि एक दिवस कार्ड आलं, मराठीत. 'आपण मराठी आहात हे आडनावावरून ध्यानी आले. कृपा करून एकदा धारला यावे. भेटणे अगत्याचे आहे. भगिनींनाही आणावे.'

"सत्कार!" मी ओरडलो.

"नारळ मिळेल," शुभदा म्हणाली. "पिशवी घेऊन जा."

मी कोट इस्त्री करून घेतला. अक्काला फोन केला. ती देवासलाच असते, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. प्राथमिक शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. म्हणाली, "मिलू, माझे गुडघे दुखतायत रे."

"बसमध्ये बसायचंय, अक्का. गुडघ्यावर जायचं नाहीये."

"मला काही आठवत नाही आता."

"मला आठवतं ना! तू फक्त हो म्हण."

इंदूरला बस बदलली, खिडकीची जागा अक्काला दिली. बाहेर काळी माती, गव्हाची हिरवी शेतं, लांबवर धुकं नुकतं उठत होतं. वाटेतलं बेटमा गाव गेल्यावर अक्का म्हणाली, "मिलू, समज, एखाद्यानं लहान भावाला बरं वाटावं म्हणून काही..."

"अक्का, भाषणात तू आईबद्दल बोलू नकोस, रडशील," मी म्हणालो. मी माझं भाषण पाठ करत होतो.

थोड्या वेळानं पुन्हा, "मिलू, मी त्या वेळी..."

"आलं बघ धार!"

ती खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, तिला बस लागतेय. मी तिला आवळासुपारी दिली.

तळ्याकाठी एक लहानसं बैठं घर, निळं दार. मी कोट सारखा केला आणि कडी वाजवली. दार उघडलं सत्तरीच्या पुढच्या, काटकुळ्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या एका बाईंनी. हाताला शाई लागलेली.

"आजी," मी म्हणालो, "व्योम बेटा आहे का घरी?"

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "बेटा मीच. यावे. बसावे. पाणी घ्यावे."

मी बसलो. पाठ केलेलं भाषण तिथेच विसरलो.

त्यांचं नाव मालतीबाई. टोपणनाव का, तर म्हणाल्या, "बाईनं लिहिलं आहे कळलं की लोक आधी बाईला पाहतात, मग यानाला." चित्रं त्यांची भाची इंदूरहून काढून पाठवते.

"पण... ध्यान दूँगी..." मी पुटपुटलो.

"होय. मला वाटलं, आपल्या लक्षात येईल."

मी सावरायचा प्रयत्न केला. कसाबसा म्हणालो, "छान लिहिता हो. फक्त मूळ मालिका पाहिली असती तर..."

"मूळ मालिका," त्या शांतपणे म्हणाल्या, "मीच लिहिली होती. तेराही भाग."

अक्कानं आवळासुपारी गिळली, त्याचा आवाज मला ऐकू आला.

"तेव्हा मी तीस-पस्तिशीची होते. प्रती ठेवण्याची अक्कल नव्हती. निर्मात्यांच्या कचेरीत होतं ते वाळवीनं खाल्लं. आता जे आहे ते इथे," त्यांनी कपाळाला बोट लावलं. "आणि तिथे आपण लिहिता तो ग्रह नाही. आपलं पत्र आलं, मी आठवून पाहिलं. नाही. दुसरं आलं. पुन्हा आठवलं. नाही. तिसऱ्यात आपण अकरा पानं लिहिलीत, नकाशा काढलात, भगिनींची साक्ष दिलीत. मला वाटलं, इतका सज्जन मनुष्य, शिक्षक, खोटं कशाला लिहील? म्हणजे मीच विसरले. सोळाव्या भागात तो ग्रह घातला, पण दुसऱ्याच्या वहीतून उतरवल्यासारखा. माझी आई शेवटी मला ओळखत नसे. मी इंदूरला डॉक्टरांकडे गेले."

"डॉक्टर?" मी विचारलं.

"त्यांनी मला घड्याळ काढायला लावलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनापर्यंत आले. म्हणाले, बाई, तुमची स्मृती माझ्यापेक्षा बरी आहे. पण मन ऐकेना. ज्या बाईला स्वतःचं लिहिलेलं आठवत नाही, तिनं पुढचं काय लिहावं? सतरावा भाग अर्धा टाकला. पुढे लिहिणे नाही. आपल्याला बोलावलं ते एवढ्यासाठी, की माझ्या मालिकेतलं मी विसरले ते तरी एकदा आपल्या तोंडून ऐकावं."

मंडळी, मला सांगा, मी कुठे तोंड लपवणार होतो? पहिल्यांदा ती मालिका टीव्हीवाल्यांनी बंद पाडली. दुसऱ्यांदा मी! कोट घालून, बहिणीला साक्षीला आणून!

आणि तरी, काय सांगू माझा निगरगट्टपणा, मी अक्काकडे वळून म्हणालो, "अक्का, तू सांग ना, पाहिलास ना तू तो भाग?"

अक्का उठली. हात पुसले पदराला, उगाचच. म्हणाली, "मालतीकाकू, तुम्ही काही विसरला नाहीत. तो ग्रह तुमचा नाही. माझा आहे."

"म्हणजे?" मी.

"तू खाटेवर होतास तेव्हाचा मी एकही भाग पाहिला नाही, मिलू. सक्सेनांकडे जाते सांगून मी शाळेच्या मैदानावर जायचे. सुधाची सायकल होती. बाबांनी मुलींनी सायकल चालवायची नाही म्हणून सांगितलं होतं ना? रविवारी त्या वेळेला सगळे टीव्हीपुढे, मैदान रिकामं. सुधा मागून धरायची, मी चालवायचे. परत येताना तू काय झालं म्हणून विचारणार, मग वाटेत काहीतरी रचायचं..."

मला एकेक चित्र आठवायला लागलं. एकेक करून ते छतावरून निखळायला लागलं.

"थांबलं की पडतो?"

"सायकल रे. दुसरं काय?"

"कॅप्टनचा गुडघा?"

"माझाच. परकराखाली पट्टी होती, तुला दिसली नाही."

"काचेचं जंगल?"

"मैदानाच्या भिंतीवर बाटल्यांचे तुकडे रोवले होते. उन्हात चमकायचे."

"आणि तो हात? मागून ढकलणारा, जो सुटला तरी यान पडलं नाही?"

अक्का हसली, पण डोळे भरले होते. "त्या दिवशी मला सायकल यायला लागली."

मी मान खाली घातली. मालतीबाईंकडे बघायचं धाडस नव्हतं. मग एक विचित्र आवाज ऐकू आला. वर बघतो तर त्या हसत होत्या. चष्मा काढून, डोळे पुसत, आधी दबल्या आवाजात, आणि मग मोठ्यांदा!

"सात-सात वजा केले हो मी!" त्या म्हणाल्या. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... एका सायकलपायी!" आणि पुन्हा हसायला लागल्या. "मी विचार करून थकले, हा नियम मला सुचला कसा? मला तर सायकल येतच नाही!"

मी उठून त्यांच्या पाया पडलो. म्हणालो, "काकू, माझं चुकलं. फार चुकलं. तुम्हाला बेटा म्हणालो, वर तुमचंच तुम्हाला शिकवलं, आणि डॉक्टरकडे पाठवलं."

"डॉक्टरांचं चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "आता कुणी विसरभोळी म्हणालं तर माझ्याजवळ कागद आहे." मग माझ्याकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही. खुर्ची ओढून त्या अक्कासमोर बसल्या, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, आणि लहान मुलीसारखं विचारलं, "पुढे काय झालं?"

"कुठे?"

"त्या ग्रहावर. हात सुटल्यावर."

"पुढे काही नाही," अक्का म्हणाली. "याचं प्लास्टर निघालं. मग गोष्ट थांबली."

म्हणजे बघा, त्या वर्षी दोन मालिका बंद पडल्या होत्या. एक दिल्लीहून. दुसरी माझा पाय बरा झाला म्हणून!

चहा झाला, पोहे झाले. त्या दोघी बोलत होत्या आणि मी कोट घडी करून मांडीवर घेऊन बसलो होतो, लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारखा. तळ्यावरून वारा येत होता. खिडकीच्या चौकटीत पाणी चमकत होतं, आणि अक्का हातांनी हवेत काहीतरी वळवत होती, हँडल धरल्यासारखं. कितीतरी वर्षांनी तिचे गाल तसे लाल दिसले.

परतीच्या बसमध्ये ऊन उतरलं होतं. शेतं पिवळसर झालेली. मला तिच्यावर रागवायचं होतं हो! अख्खं आयुष्य तिनं मला फसवलं होतं. मी तोंड उघडलं आणि निघालं काय, तर, "अक्का, पुढे काय झालं असेल गं?"

ती म्हणाली, "छताकडे बघ."

बसचं छत. गंजलेला पत्रा. त्यावर बाहेरच्या झाडांच्या सावल्या भराभर पळत होत्या. अक्का हळू आवाजात बोलायला लागली आणि मी डोकं मागे टेकलं. इंदूर कधी आलं कळलं नाही. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, "ओ भिया, उतरना नहीं है क्या?"

सतरावा भाग दीड महिन्यात आला. लेखकाच्या जागी दोन नावं. अक्का आता दर पंधरवड्याला धारला जाते, आणि गुडघ्यांची तक्रार ऐकलेली नाही. मला मजकूर आधी दाखवायचा नाही, असा दोघींचा ठराव झाला आहे. अंक मी रमेशकडूनच घेतो, इतरांसारखा.

सतराव्यात एक नवं पात्र आलं. यानावरचं एक यंत्र. नाव 'मिलू'. कोट घालतं. रस्ता विचारला की ते छाती पुढे काढून, नकाशा दाखवून, पूर्ण आत्मविश्वासानं चुकीचा रस्ता सांगतं. यान खड्ड्यात गेलं तरी म्हणतं, 'खड्डा चुकीच्या जागी आहे.' शुभदानं ते पान फ्रिजवर चिकटवलंय. आमच्या शाळेतल्या पोरांना कुणी सांगितलं मला माहीत नाही, पण मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून 'नकाशा, नकाशा' ऐकू येतं.

वाचकांची पत्रंही आली. अक्कानं त्यातलं एक माझ्यापुढे ठेवलं, सोनकच्छच्या कुणा गृहस्थाचं. लिहिलं होतं, 'कहानी बहुत बढ़िया है। उड़ता ग्रह, काँच का जंगल, सब सच लगता है। बस यह मिलू नहीं जँचता। इतना बड़ा मूरख दुनिया में हो ही नहीं सकता।'

"उत्तर तू लिही," अक्का म्हणाली. "तुझा पत्रांवर हात बसलाय."

मी पेन घेतलं. खूप विचार केला. अकरा पानं सहज झाली असती. शेवटी एकच ओळ लिहिली.

'होता है, भाईसाहब। देवास में रहता है, फिजिक्स पढ़ाता है।'